कट्ट्यावरच्या म्हशी आणि जनसहभागाचे तीन टप्पे

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
पेपरात महापालिकेच्या नव्या नियमाचा मसुदा. शहरातले गोठे हद्दीबाहेर न्यायचे, रस्त्यावर धार काढायची नाही. हरकती व सूचना लेखी, तीस दिवसांत. म्हणजे आमचा दूध कट्टा बंद. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, असं धारोष्ण दूध मी सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी उभ्याने पितो आहे. माझी प्रकृती आणि माझं संस्कृत, दोन्ही त्याच्यावर पोसलेली आहेत.

सायं. ६.४०
कट्ट्यावर रेवणसिद्ध गवळी पेपर घेऊन उभा. त्याच्या चार म्हशी, घरामागे गोठा, कट्ट्यावर तिसरी पिढी. म्हणाला, सर, हद्दीभाईर जागा कोन देतंय? आनि दिली तर तितं ग्लास धरून कोन येतंय? ह्ये झालं की म्हशी विकायच्या, दुसरं काय. त्याची आई बसव्वा धार काढता काढता म्हणाली, विकून मी काय करू, टीव्ही बघत बसू व्हय?
दोघांना धीर दिला. हा विषय आरडाओरड्याचा नाही, जनसहभागाचा आहे. रणनीती मी आखतो. बसव्वा म्हणाली, आखा की मास्तर, पन लौकर आखा.

५ फेब्रुवारी
तालमीत बैठक. मी नाव सुचवलं: नागर-महिष-सहजीवन संवाद परिषद. विरोध कुणी केला नाही. उच्चारही कुणी केला नाही. शेवटी ‘दूध कट्टा कृती समिती’ ठरलं. रणनीती प्रमुख मी.
हंबीरराव वस्तादांचं म्हणणं, शिंगं रंगवून वीस म्हशी कार्यालयाच्या दारात न्यायच्या, तितंच धार काढायची आणि सायबाला पहिला ग्लास द्यायचा. मी समजावलं की याला आंदोलन म्हणतात, एंगेजमेंट नव्हे. वस्तादांनी फरक विचारला. चाळीस मिनिटांत सांगितला. विसाव्या मिनिटापासून लोक एकेक करून विचार करायला बाहेर गेले.
संकल्प: यापुढे भाषण तीस मिनिटांत.

८ फेब्रुवारी
स्ट्रॅटेजी डॉक्युमेंट तयार. एकोणीस पानं. तीन टप्पे: बोध, संवाद, निर्णय. स्टेकहोल्डरांचा नकाशाही काढला, सात वर्तुळं. अनुजाने विचारलं, यात म्हैस कुठे आहे? बायकोला प्रत्येक गोष्टीत दोष काढायची सवय. परिशिष्ट जोडलं.
मग तिने विचारलं, शेवटची तारीख लोकांना कुठल्या टप्प्यात सांगणार? दुसऱ्या. पहिल्यात बोध व्हायला हवा.

१२ फेब्रुवारी
सर्वेक्षण सुरू. चौतीस प्रश्न. कट्ट्यावर दोन तास उभा होतो. लोकांच्या एका हातात ग्लास, दुसऱ्यात गाडीची किल्ली, त्यामुळे पेन धरायची अडचण. प्रश्न नववा, ‘सार्वजनिक अवकाशातील पशु-मानव संबंधांविषयी आपली धारणा काय?’ एका गृहस्थांनी उत्तर दिलं, साखर नको.
भरलेले फॉर्म तीन. पैकी एक माझा. सॅम्पल लहान, पण दर्जेदार.

१८ फेब्रुवारी
अनपेक्षित घडामोड. लोक स्वतःच चिठ्ठ्या लिहून आणू लागले आहेत. एकसष्ट जमा झाल्या. वहीची पानं, औषधाच्या दुकानाची पाकिटं, एक लग्नपत्रिकेची पाठ. भाषा कच्ची. एका रिक्षावाल्याचं: ‘डॉक्टरनं दारू सोडाय सांगितली, सोडली. आता ह्येबी सोडू का?’
बसव्वाने अनुजाकडून लिहून घेतलं: ‘नवरा गेला त्या सांजच्यालाबी मी धार काढली. म्हस वाट बघत हुती. उद्यापास्नं येऊ नको, असं तिला तुमीच येऊन सांगा.’ भावना ठीक. पण यात विनंती कुठेच नाही, उलट कार्यालयालाच काम लावलं आहे.
असं पाठवलं तर आपलं हसं होईल. एकच आदर्श मजकूर तयार करायचं ठरवलं. सह्या सगळ्यांच्या, शब्द माझे.

२० फेब्रुवारी. पहाटे ५ (संकल्पानुसार)
प्रत्यक्षात ७.३०. मजकूर पूर्ण. दोन पानं. ‘प्रस्तुत मसुद्यातील कलम चार हे परंपरा आणि पोषण या उभय दृष्टींनी पुनर्विचारार्ह आहे.’ स्वतःच मोठ्याने वाचलं. अंगावर काटा आला.
अनुजा म्हणाली, त्यांच्या चिठ्ठ्याच द्या ना, त्या वाचून मला रडू आलं. मी म्हटलं, कार्यालयात रडायची सोय नसते. ती दिवसभर बोलली नाही. पटलं असावं.

२६ फेब्रुवारी
सह्यांचा पाऊस. वस्तादांनी तालमीतल्या पोरांना घरोघर पाठवलं. स्वतः सही करताना म्हणाले, सर, काय लिवलंय ते मला कळंना, पन तुमी हाय म्हनून करतो. हा विश्वास मिळवायला आयुष्य जावं लागतं.

५ मार्च. शेवटचा दिवस
चारशे बारा अर्ज दाखल. सकाळी दहावीच्या पेपरला सुपरव्हिजन होतं, म्हणून पोचायला साडेतीन झाले. काउंटरवर शबनम मुल्ला, माझी जुनी विद्यार्थिनी. गठ्ठा चाळून म्हणाली, सर, सगळ्यांचा मजकूर एकच आहे का? मी म्हटलं, एक काना इकडचा तिकडे नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, पाचपर्यंत वेळ आहे सर, कुणाचं स्वतःच्या हातचं काही असेल तर घेऊन या.
आवश्यकता नाही म्हणालो. मुलगी अजूनही मन लावून काम करते.

१० मार्च
सुनावणीचं पत्र आलं. परवा, १२ तारखेला. नोंदलेल्या हरकती: एक. शबनमला फोन केला. म्हणाली, सर, सारख्या मजकुराचे कितीही अर्ज आले तरी हरकत एकच धरतात. बाकीची नावं यादीत जोडली आहेत. बोलायला एक जण, तीन मिनिटं.
पत्र पुन्हा वाचलं. मग लक्षात आलं, चारशे बारा कंठांतून एकच स्वर निघाला असं कार्यालयानेच लेखी मान्य केलं आहे. रेवणसिद्धला असंच सांगितलं. त्याने विचारलं, मग म्हशी ऱ्हात्यात न्हवं? मी म्हटलं, त्या दिशेने पाऊल आहे.
भाषणाचा मसुदा कापून बावीस मिनिटांवर आणला.

१२ मार्च. दुपारी ४
सुनावणी झाली. गल्लीतले पन्नासेक लोक कामधंदा सोडून आले होते. बसव्वा इरकल नेसून पहिल्या रांगेत. मी प्रास्ताविक केलं, अधिकाऱ्यांचे आभार मानले, महिष शब्दाचा वेदकालीन संदर्भ मांडला आणि घंटा वाजली. मूळ मुद्दा पुढच्या परिच्छेदात होता.
बसव्वा उठून उभी राहिली. अधिकारी सौजन्याने म्हणाले, आजी, तुमची हरकत कोणती? ती म्हणाली, सरांचीच. ते म्हणाले, मग सर बोलले की. तिने माझ्याकडे वळून विचारलं, मास्तर, म्हशीचं बोललासा का तुमी? मी घंटेकडे बोट दाखवलं. तीन मिनिटं संपली होती.
परत येताना सगळे एकाच बसमध्ये होते. माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. मी आजारी असेन असं वाटलं असावं.

१३ मार्च
कट्ट्यावर गेलो नाही. घसा.

२८ मार्च
नियम मंजूर. ‘प्राप्त हरकत: एक. सुनावणी देऊन निकाली.’ गोठे हलवायला तीन महिने. डॉक्युमेंटमधला तिसरा टप्पा ‘निर्णय’ होता. झाला. कुणाचा, ते लिहायचं राहून गेलं होतं.
अनुजाला म्हटलं, कमी वेळ मिळाला. ती म्हणाली, हो, तीस दिवस.

४ एप्रिल
सकाळी नऊला रेवणसिद्ध घरी आला. बस म्हटलं तरी बसला नाही. मी समितीच्या पुढच्या धोरणाविषयी सांगू लागलो. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, सर, येवढं एक लिवून द्या, व्हाट्सॅपवर टाकायचं हाय. साधं लिवा. लोकास्नी कळाय पायजे. काय लिवायचं ते अव्वानं सांगितलंय.
तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. ‘चार म्हशी विकणे आहेत. दोन दुभत्या, दोन गाभण. मारकी एकबी न्हाय. मानसांच्या गर्दीत गप उभ्या ऱ्हात्यात.’ खाली नाव, फोन.
एकही शब्द बदलला नाही.
अकरापर्यंत रेवणसिद्धला पाच फोन आले.