जित्याचा पिंड

सातारा, २१ नोव्हेंबर १९४५, बुधवार

नारूभटजी सकाळी येऊन गेले. रविवारी माहुलीच्या घाटावर माझे श्राद्ध करायचे ठरले. मी जिवंत असताना, माझेच. मूलबाळ नाही, सरस्वती जाऊन नऊ वर्षे झाली, मागे पाणी सोडणारा कोणी नाही. तेव्हा शास्त्राने दिलेली ही सोय. भटजी म्हणाले, "शिरस्तेदार, घाई काय आहे?" घाई नाही. सदुसष्ट पुरी झाली. तीस वर्षे कोर्टातले कागद वेळेवर निकालात काढले, आपलाच तेवढा का पडून राहावा?

पेन्शनीत आल्यापासून पोथी, जप, एकवेळ जेवण, सगळे नेमाने चालू. मन शांत झाले आहे असे वाटते. खात्री करून घ्यायची आहे.

"यात पिंडाला कावळा शिवलाच पाहिजे असं नाही," इति भटजी. मी म्हटले, ठेवायचाच. पोच नको का?

सांगलीला यमूला कार्ड टाकले नाही. धाकटी बहीण. तिला कळवून काय करायचे.

२५ नोव्हेंबर, रविवार

टांग्याने माहुली. क्षौर झाले. डोके सफाचट, मिशाही गेल्या. नदीचे पाणी बर्फ. स्वतःच्या नावापुढे 'प्रेत' म्हणताना जीभ अडखळली नाही, त्याचा थोडा अभिमानही वाटला. मग पिंड ठेवला आणि मागे सरून बसलो.

कावळे शे-पन्नास होते. पलीकडे कोणाचे तरी दहावे चालले होते, त्या पिंडावर तुटून पडले. माझ्याकडे एकही फिरकेना. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला." एरवी हे मागे राहिलेल्यांना सांगतात, मेलेल्याला वचन द्यायला. इथे मीच माझ्या पिंडापुढे हात जोडून उभा. काशी राहिली, म्हटले. नाही. नवी कवळी राहिली, म्हटले. भटजी हसले, कावळे ढिम्म. सरस्वतीला कधी तीर्थाला नेले नाही, तेही म्हणून पाहिले. दोन तास गेले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. "चालतं हे."

चालते. मला भूक लागली होती, मीही चालवून घेतले.

२६ नोव्हेंबर, सोमवार

न्हाणीघराच्या भिंतीवर एक कावळा. सकाळी सात ते अकरा. एकदाही ओरडला नाही.

२८ नोव्हें.

आजही. राहीबाई बारा वर्षे आमच्याकडे भांडी घासते. ती म्हणाली, "आवं, त्यो कावळा कवाधरनं बसलाय हितं. हाड म्हटलं तरी हलत न्हाई." भात ठेवला. पोळी. मग हट्टाने अळूवड्या करवून घेतल्या, मला आवडतात म्हणून. दुसरे कावळे येऊन खाऊन गेले. हा एक डोळा माझ्याकडे लावून बसून.

जपाला बसलो. माळ तेवढी फिरली.

३० नोव्हें., शुक्र.

राहीबाईने काम सोडले.

मी ओसरीवर पाटावर बसलो होतो. दहाचे ऊन अंगणात लख्ख. ती आली, माझ्या समोरून आत गेली आणि हाका मारीत सगळे घर फिरली. "शिरस्तेदार, आवं, हायसा का घरात?" मी म्हटले, इथेच आहे. दोनदा म्हटले. तिसऱ्यांदा ती दचकून ओरडलीच. "तुमी न्हवतासा तितं. म्या बगितलं की!" मी हसण्यावारी नेले. ती हसली नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, "जित्या माणसाचं मर्तिक करत्यात व्हय? लय वंगाळ केलंसा." घासायची भांडी तशीच टाकून गेली.

म्हातारीची नजर अधू झाली असेल. दुसरे काय?

२ डिसेंबर, रविवार

काल लिहिले नाही. लिहवले नाही.

राहीबाई गेल्यावर आरसा काढला होता. उगाच, खात्रीला. आरशात यमू होती.

डोक्यावर केस नाहीत, ओठावर मिशा नाहीत, तोच चेहरा. वडिलांचे नाक-कपाळ आम्हा दोघांत सारखे उतरले असणार, माझ्या मिशांमुळे कधी कळले नाही. एवढे मी स्वतःला समजावले. पण ती तरुणपणीची नव्हती, आता असेल तशी होती, आणि मी तिला वीस वर्षांत पाहिलेले नाही. आरसा पालथा घातला तेव्हा मागच्या पडवीत आवाज सुरू झाला. वस्तरा दगडावर घासतात तसा, सावकाश. भर दुपारी. जाऊन पाहिले. कोणी नाही. भिंतीवर तो.

मला भीती वाटते आहे. इतकी वर्षे पोथी वाचून हे फळ.

४ डिसें., मंगळ.

लिहून टाकतो. कोणी वाचणार नाही.

सन १९०२. वडील वारलेले, घरात कर्ता मी, वय चोवीस. यमू सतराची. तिचा नवरा प्लेगात गेला, मी तिला माहेरी आणली. केस काढून सोवळी करायची म्हणून सगळे मागे लागलेले. तिने खोलीला आतून कडी घातली. दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही. तिसऱ्या दिवशी मी दारापाशी जाऊन म्हटले, "यमू, न्हाव्याला मी परत पाठवलं. ये, जेवून घे."

तिने कडी काढली. मी म्हटले म्हणून काढली.

न्हावी मागच्या पडवीत वस्तरा घासत बसला होता. मी ओसरीवर येऊन संध्येला बसलो. तिचा आवाज येईल म्हणून कान दाबून घेतले होते. आवाज आलाच नाही.

त्रेचाळीस वर्षे मी 'तशी रीत होती' म्हणत आलो. रीत होतीच. पण खोटे मी बोललो, ते कोणत्या रीतीत बसत होते? त्यानंतर तिने माझ्या हातचे काही घेतले नाही. लुगडे नाही, फळ नाही. पुढे मावशीबरोबर सांगलीला गेली, मावशीमागेही तिथेच राहिली. मला सुटल्यासारखे झाले. हेही खरेच आहे.

मागीलदारी जाऊन कावळ्यापुढे मोठ्याने म्हटले, यमूची क्षमा मागायची राहिली आहे. तो उडाला. दक्षिणेकडे गेला.

सांगली, ७ डिसें., शुक्र.

सातारा रोडला गाडी धरली, मिरजेस बदलली. तिकीट तपासणाऱ्याने डब्यातल्या प्रत्येकाचे तिकीट पाहिले, माझ्या मांडीवरच्या गाठोड्याचेदेखील वजन विचारले, ते शेजारच्या बाईला. मी तिकीट पुढे करून बसलो होतो. मागितले नाही.

घाटाजवळच्या धर्मशाळेत उतरलो. उद्या सकाळी जाईन.

८ डिसें., शनि.

गावभागात एका बोळात तिची खोली. दाराशी वाती वळत बसली होती. विधवेचे तांबडे आलवण, डोक्यावरून पदर. मी चाहूल दिली नव्हती. मान वर न करताच म्हणाली, "आलास?"

चेहरा आरशातला तोच.

पाया पडलो. धाकटीच्या. तिने पाय मागे घेतले नाहीत. सगळे सांगितले: माहुली, कावळा, खोटे बोललो ते. म्हटले, "यमू, मला क्षमा कर."

"कुणाला?"

"मला. दादाला."

"दादा गेला की." रागाने नाही, शेजारची बातमी सांगावी तशी. "त्याच दिवशी विहिरीवर तुझ्या नावानं आंघोळ केली. दहा दिवस सुतक धरलं. कुणाला कळलं नाही, नाहीतरी मला कोण शिवत होतं? दहाव्या दिवशी माझ्या ताटातल्या भाताचा गोळा मागच्या भिंतीवर ठेवला."

विचारायला नको होते. विचारले. "कावळा?"

"ठेवायचा अवकाश. लगेच शिवला." वात वळून झाली, दुसरा कापूस घेतला. "रडले रे तुझ्यासाठी. नवऱ्यासाठी इतकी रडले नव्हते. मग संपलं."

एवढ्यात शेजारीण आली. वाती मागितल्या, दोन घटका उभी राहून गव्हाच्या रेशनबद्दल बोलली, गेली. मी यमूच्या अगदी समोर बसलो होतो. कोण पाहुणे आलेत म्हणून विचारले नाही. पदरही सावरला नाही.

यमूला हसू आले. हसताना ती लहानपणची दिसली. "एका माणसाला कावळा दोनदा कसा शिवेल, दादा?"

दादा म्हणाली. का तोंडातून गेले कोण जाणे.

"मग मी आता कोण?"

"पोथ्या तू वाचल्यास. मी वाती वळते." हातातली वात पुरी केली, मग म्हणाली, "मी तेव्हा सतराची होते. मला दुसरं काही करता येत नव्हतं. आता काय करता येतं ते बघायला हवं. उद्या ये."

९ डिसें., रवि.

सकाळचे सात. धर्मशाळेच्या पायरीवर बसून लिहितो आहे. घाटावर आंघोळ करून आलो. जपाला बसलो नाही. कोणी बसायचे?

तिने शिव्या दिल्या असत्या, दार लावून घेतले असते, तर मी सुखाने परत गेलो असतो. तिचा राग कधीच निवला आहे, आणि मी त्या रागापुढे मान तुकवायला म्हणून आलो होतो. शांत ती झाली, मी नुसता स्वतःबद्दल तसा समज करून घेतला. हे मनापासून वाटते आहे आणि फार लाज वाटते आहे.

तिचा बोळ इथून पाच मिनिटांवर. आज न बोलता जाऊन बसायचे नाही. बाहेरून हाक मारायची, आणि ती आत घेईपर्यंत उभे राहायचे. संध्याकाळ झाली तरी.

तिने आतून नुसते "कोण?" म्हणून विचारले तरी पुष्कळ झाले. निघतो.