नमुन्याबाहेरची एक मुलाखत

सर, तुमचं तुंगार्लीचं घर आता शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देतात. मागच्या महिन्यात कामासाठी लोणावळ्याला आले होते तेव्हा वाट वाकडी करून बघून आले. पुढच्या व्हरांड्यात झोपाळा लावलाय, भिंतींना पिवळा रंग दिलाय आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एसीचा डबा बसवलाय. आत जायचं काही कारण नव्हतं, फाटकाशीच थांबले. तेव्हापासून तुम्हाला काही सांगायचं मनात घोळतंय. आज रविवार आहे, घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा त्या घरी आले ती नापास होऊन. पुण्याला एम. ए. मानसशास्त्राचं पहिलं सत्र संपलं होतं. बाकीचे विषय बरे गेले आणि संशोधन पद्धतीत मी आपटले, कारण त्यातलं अर्धं संख्याशास्त्र होतं. मनाचा अभ्यास करायला गेलेल्या मुलीला तिथे प्रमाण विचलन आणि सहसंबंध भेटतील हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. वडगावच्या शाळेत तुम्ही मला गणित शिकवलं होतं आणि त्यातही मी कशीबशीच पास व्हायचे, तरी दुसरं कोणाचं नाव डोळ्यापुढे येईना. कामशेतहून लोकलने आले, पत्ता विचारत विचारत तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "तांदळाच्या दुकानातली ना गं तू?" मग माझं पुस्तक चाळलंत. "मानसशास्त्र मला येत नाही," म्हणालात, "आकडे येतात. तुझी माणसं तू आण, आकड्यांचं मी बघतो."

शिकवणी स्वयंपाकघरात व्हायची. काकूंना एकटं सोडता येत नसे. गॅस चालू ठेवून त्या अंगणात निघून जायच्या, दुधात मीठ घालायच्या, तुम्हाला कधी 'अहो' म्हणायच्या तर कधी 'दादा'. तुम्ही जेवायच्या टेबलाशी, ओट्याकडे तोंड करून बसायचात. एक डोळा माझ्या वहीवर, एक काकूंवर. पहिल्याच आठवड्यात मी तुमची बोलणी खाल्ली. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं दिलेली होती आणि मी उत्तर बघून त्याला जमतील अशा पायऱ्या रचत होते. तुमच्या लक्षात आलं. तुम्ही चिडला नाहीत, पण तुमचा आवाज खाली गेला, आणि शाळेतल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की तो खाली गेला की वाईट. "तुला गणित येत नाही हे खोटं आहे. तुला उत्तर आधी ठरवून ठेवायची खोड आहे. माणसांच्या बाबतीत असंच करणार असशील तर आत्ताच घरी जा." आणि ती मागची पानं तुम्ही फाडून घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलीत. पुस्तक वाचनालयाचं होतं, सर. दंड मी भरला, तुम्हाला बोलले नाही.

मधेच रमजान आला. मला रोजे होते आणि काकू मला भाची समजून दर थोड्या वेळाने चहा आणून ठेवायच्या. आधीचा कप दिला हे त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. मी नको म्हटलं तर त्यांचा चेहरा पडायचा. तुम्ही त्यांना कधी समजावून सांगत बसला नाहीत. त्यांची पाठ वळली की माझा कप उचलून प्यायचात आणि रिकामा कप माझ्यापुढे सरकवायचात. काकू येऊन कप बघायच्या आणि खूश व्हायच्या. त्या महिन्यात तुमची ॲसिडिटी वाढली, असं तुमचा मुलगा फोनवर ओरडत होता ते मी ऐकलं आहे.

पुनर्परीक्षेच्या आधी अब्बांनी विषय काढला. तळेगावच्या एका कारखान्यात कारकुनाची जागा होती, ओळखीतून मिळण्यासारखी. "एकदा नापास झालीस, दुसऱ्यांदा पास झालीस तरी पुढं काय? वेड्यांच्या इस्पितळात जानार?" मी रडत तुमच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या मावशींना काकूंजवळ बसवलंत आणि मला न सांगता कामशेतला आमच्या दुकानात जाऊन पोचलात. मी पोचले तेव्हा तुम्ही पोत्यावर बसला होतात आणि अब्बा गिऱ्हाइकाला इंद्रायणी दाखवत होते. त्यांनी पोत्यात सळई खुपसून मूठभर तांदूळ काढला, तळहातावर पसरला. तुम्ही म्हणालात, "भाई, तुमची मुलगी हेच शिकते आहे. मूठभर बघून पोतं कसं आहे ते सांगायचं."

अब्बा हसले. "सर, मान्सं म्हंजी तांदूळ न्हाई."

"म्हणून तर दोन वर्षं लागतात," तुम्ही म्हणालात.

अब्बांनी चहा मागवला. गिऱ्हाईक गेल्यावर सरळ विचारलं, "खरं सांगा. ह्ये शिकून पोरीला नोकरी मिळंल?"

मी तांदळाच्या पोत्याआड उभी होते. मला वाटलं, आता सर म्हणतील, का नाही मिळणार, मोठमोठ्या कंपन्या बोलावतील. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "मला माहीत नाही, भाई. मी चार लोकांना विचारलं. कोणी म्हणतं मिळते, कोणी म्हणतं हिंडावं लागतं. तिला डोकं आहे एवढं मला माहीत आहे. पुढचं मी कसं सांगू?"

तुम्ही गेल्यावर अब्बांनी मला गल्ल्याजवळ बोलावलं. म्हणाले, "दुसरा कोन असता तर बोलला असता, कलेक्टर हुईल. ह्या मान्साला खोटं बोलाया जमत न्हाई. शिक तू." कारखान्याच्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तुम्ही अब्बांना काय सांगितलंत म्हणून त्यांनी माझं शिक्षण चालू ठेवलं, असं माझ्या मैत्रिणी अजून विचारतात. काही सांगितलं नाही, म्हणून, असं मी म्हणते.

मी पास झाले. शेवटच्या वर्षी प्रबंधिकेचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना घरी सांभाळणाऱ्यांचा विषय घेतला. कुठून सुचला हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती. मावळातल्या घरांतून हिंडून मुलाखती घ्यायच्या, त्या शब्दन् शब्द उतरवायच्या, त्यातून धागे काढायचे. माझ्या गाईड मॅडमनी प्रश्न तपासून दिले आणि एक अट घातली: ओळखीचा माणूस नमुन्यात, म्हणजे मुलाखतींसाठी निवडलेल्या लोकांत, घ्यायचा नाही. ओळखीचा माणूस आपल्याला बरं वाटेल ते बोलतो आणि आपणही आपल्याला हवं तेच ऐकतो. मला ते पटलं.

कामशेत, वडगाव, पवनेकडची दोन-तीन गावं अशी मी फिरत होते आणि आल्यावर तुम्हाला ओझरतं सांगत होते, नावं न घेता. एक दिवस, आठवड्यातला मधला वार, शेजारच्या बंगल्यात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांची गाणी नाहीत, काकू आत झोपल्यात. तुम्ही पालक निवडताय. मान वर न करता विचारता, "मला कधी विचारणार?"

मी नियम सांगते. तुम्ही मान हलवता. नियम तुम्हाला कळतात, आयुष्यभर तेच केलंय. पालकाची जुडी संपते, तुम्ही देठं गोळा करता, आणि म्हणता, "मग नमुन्याबाहेर विचार."

माझ्याकडे रेकॉर्डर होता, तो मी पिशवीतून काढला नाही. वही मिटून बाजूला ठेवली. प्रश्न पाठ होते. पहिला प्रश्न विचारला, दिवसातला सगळ्यात अवघड वेळ कोणता? मला संध्याकाळ हे उत्तर अपेक्षित होतं, बहुतेकांनी तेच दिलं होतं.

"सकाळ," तुम्ही म्हणालात. "ती डोळे उघडते आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघते. त्या क्षणी मला कळतं, आज मी कोण आहे ते. कधी नवरा असतो, कधी तिचा थोरला भाऊ. कधी कोणीच नसतो. खोलीत शिरलेला परका पुरुष. मग ती घाबरते."

"मग तुम्ही काय करता?"

"बाहेर जातो. चप्पल घालून मागच्या दाराने. आणि वळसा घालून पुढच्या दाराची बेल वाजवतो. पाहुणा आला की तिला चहा टाकावा लागतो, ते ती अजून विसरलेली नाही. चहा पिता पिता कधी ओळख निघते." देठं बाजूला सारून म्हणालात, "कधी नाही निघत. मग पाहुणा म्हणूनच बसतो."

मुलाखत घेताना चेहरा स्थिर ठेवायचा असं आम्हाला शिकवलं होतं. मी पालकाच्या देठांकडे बघत होते. राग येतो का, हा पुढचा प्रश्न होता. तुम्ही म्हणालात, येतो. मी विचारलं नव्हतं तरी सांगितलंत, की मुलाचा येत नाही, देवाचा येत नाही, तिचाच येतो. सगळं मागे सोडून ही एकटीच पुढे निघून गेली असा. आणि मग लगेच, अगदी वर्गात खडू ठेवावा तसं, "हे लिहू नकोस."

"नाही लिहीत, सर. तुम्ही नमुन्यात नाही."

तुम्ही हसलात. शेवटचा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत तोच असायचा: आणखी काही सांगायचंय? तुम्ही उठून पालक धुवायला लागलात. नळ चालू होता आणि पाठ माझ्याकडे होती. "चांगलं शास्त्र आहे तुझं," म्हणालात. "याला नोकरी असायला हवी."

प्रबंधिकेत तुम्ही कुठेच नाही. एक ओळसुद्धा. पण त्यानंतर ज्या घरांत गेले तिथे मी सकाळबद्दल वेगळं विचारायला शिकले, आणि लोक सांगायला लागले.

नोकरीचं अब्बांना जे कळायचं होतं ते पुढे कळलंच. वर्गातली एक मैत्रीण कंपनीत माणसं निवडायच्या कामाला लागली, एक शाळेत समुपदेशक झाली, एक लग्न होऊन परदेशी गेली. मी प्रकल्पांवर राहिले. अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा अकरा महिन्यांचा. गावोगाव प्रश्नावल्या भरून घेतल्या. बाया विचारायच्या, "बाई, ह्यातून आमाला काय मिळनार?" आणि मी तुमच्यासारखी म्हणायचे, मला माहीत नाही, मावशी. काही जणी दार लावून घ्यायच्या. बऱ्याच जणी त्यानंतरच बोलायच्या. मधल्या काळात कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, तेही सुट्टीत बंद.

तुम्ही गेलात तेव्हा मी अशाच एका करारावर होते. शेजारच्या मावशींचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून. मी अब्बांना घेऊन आले. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि काकू, त्यांना कोणी अडवायच्या आत, ओट्याशी जाऊन चहा करून बसल्या होत्या आणि आलेल्या प्रत्येकापुढे कप धरत होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही. लोक हात मागे घेत होते, तुमचा मुलगा हमसून हमसून रडत होता. काकूंचा चेहरा पडायला लागला तसा मी कप घेतला आणि प्यायले. माझं बघून अब्बांनीही घेतला. काकूंनी विचारलं, "साखर बरोबर झाली का?" अब्बा म्हणाले, "लय झकास, वहिनी." मग मुलगा काकूंना पुण्याला घेऊन गेला. पुढची दोन-तीन वर्षं त्या होत्या असं कळलं.

पुढे मला पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात काम मिळालं. सांभाळणाऱ्या माणसांच्याच प्रकल्पावर. ते सगळ्यात जास्त टिकलं. घरी जायचं, त्यांच्याशी बोलायचं, त्यांची महिन्यातून एकदा वडगावला बैठक घ्यायची. किती उपयोग झाला ते आकड्यांत मांडलं, आकडे स्वच्छ आहेत, तुम्ही तपासले असते तरी चाललं असतं. या उन्हाळ्यात त्याचा निधी संपला. पुढे चालवायला कोणी नाही. शेवटच्या बैठकीला एका आजोबांनी विचारलं, पुढल्या महिन्यात कधी यायचं. माझ्या सहकाऱ्याने त्यांना समजावून सांगितलं.

हिंजवडीत एक कंपनी आहे, लोकांची बिलं भरायचं ॲप बनवते. लोक बिल भरता भरता मधेच ॲप का बंद करतात हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. त्यासाठी मुलाखती, नमुना, विश्लेषण, सगळं तेच, जे तुमच्या स्वयंपाकघरात शिकले. त्यांनी मला बोलावलं. कायमची नोकरी. चाळिशीत पहिल्यांदा. मी गेल्या आठवड्यात होकार कळवला.

अब्बा आता थकलेत, दुकान भाऊ बघतो, पण त्यांनी स्वतः उठून बाजारपेठेत पेढे वाटले. विभागातले सगळे माझ्याशी जपून बोलतात. एवढं चांगलं काम सुटलं, नाइलाजाने तिकडे जावं लागतंय, मन लागणार नाही तुझं, असं म्हणतात. मीही मान खाली घालते, हो म्हणते. बैठकीला येणाऱ्या एक आजी माझा हात धरून रडल्या तेव्हा मीही रडले, ते खोटं नव्हतं.

हा कागद कुठे द्यायचा नाही, तरी इतकं लांबवलं, कारण एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही आणि तुम्ही समोर असता तर तुम्हालाही तोंडावर सांगवली नसती. सर, मला आनंद झाला आहे. कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि खोलीत एकटीच हसत बसले.