उद्याची वरात तुमच्या दारावरून जाणार

प्रिय उस्मानचाचा,

तुम्ही गेल्यावर बँडला ही पहिलीच सुपारी. उद्या दुपारी वरात जठारपेठेतल्या कार्यालयात न्यायची आहे आणि तिचा रस्ता तुमच्या दारावरून जातो. दुसरा रस्ता महापालिकेनं खोदून ठेवलाय. पुढे चालणार मी. कुठे थांबायचं, कुठे सुरू करायचं, तो हात उद्या माझा. मला काहीच ठरवता येऊन नाही राहिलं, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

ज्या घरी मयत झाली त्या घरापुढून वाजवत जायचं नाही, हा तुमचा कायदा. वाद्य खाली, नजर खाली, घर मागे पडलं की मग सूर. आता तुमचंच घर तसं झालं. आणि चाची काय म्हणते माहीत आहे? ती इद्दतीत आहे, नवऱ्यामागचे ते चार महिने दहा दिवस, म्हणून पडद्याआडूनच बोलते. काल म्हणाली, "बेटा, थांबू नको. वाजवत जाय. त्यांचा बँड घरापुढून चुपचाप गेला तर मले सहन नाही होनार."

तिकडे आपले ढोलवाले बबनभाऊ अडून बसलेत. "चाचाच्या दारापुढं वाजवशीन तं ढोल तूच घाल गळ्यात. मी नाई येत, अन् पुन्हा कधीच नाई येत." तीस वर्षं तुमच्यासोबत चाललेला माणूस, तो धमकी देत नव्हता, रडत होता. सांगा, कोणाचं ऐकू?

मी तुमच्याकडे आलो तो क्लॅरिनेट शिकायला. अमरावतीच्या कॉलेजनं सांगितलं होतं, एक हंगाम कोणत्याही व्यावसायिक पथकात काढा. बाकीची पोरं ऑर्केस्ट्रात गेली, मी अकोल्याची गाडी धरली. तुम्ही मला ओट्यावर बसवून वाजवायला लावलं. मी चांगला ऐसपैस यमन मांडला. तुम्ही डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "सूर अच्छा है. पन बापू, एवढ्यात नवरदेव घोडीवरच झोपून जाईन." सगळा बँड हसला. मग तुम्ही बँडचा लाल कोट दिला, बाह्या दोनदा दुमडाव्या लागणारा. एका हंगामासाठी आलो होतो, पुढेही दर हंगामाला येत राहिलो.

पण वाजवायच्या आधी तुम्ही मला विचारायला शिकवलं. गावाच्या अलीकडे टेम्पो थांबवायचे आणि मला पानठेल्यावर पाठवायचे. "जाय, इचारून ये. वरातीच्या रस्त्यात कोनाच्या घरी मयत झाली काय?" कर्जापायी शेतकरी जीव देत होते ती सालं कशी होती, तुम्हाला काय सांगू! एका घराचं नाव घेता घेता पानठेलेवाला दुसऱ्याचं घ्यायचा. कापसाच्या त्या गावांमधून आपण इतक्यांदा थांबायचो की एक गाणं धड पुरं व्हायचं नाही. नवरदेवाकडचे कुरकुरायचे, कोणी तर अंगावर यायचे. तुम्ही वाद घालत नव्हते, फक्त हात वर करायचे.

चांदूर रेल्वेच्या पुढचं ते गाव तुम्हाला आठवतं ना? त्या घरचा पोरगा औषध पिऊन गेला होता. आपण थांबलो, तशी त्याची माय दारात आली. "काहून थांबले? वाजवा ना. माह्या पोराच्या लग्नाले तुमचाच बँड सांगाचा होता." माझं क्लॅरिनेट ओठांपर्यंत गेलं होतं. तुम्ही मान हलवली, त्या बाईला हात जोडले आणि पुढे चालू लागले. ती दारातच उभी राहिली.

परतीच्या टेम्पोत मी तुमच्यावर चिडलो होतो. ती स्वतः म्हणते वाजवा, तर तुम्ही कोण नाही म्हणणारे? तुम्ही कोट काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आपन वाजवून चालले जाऊ रे. मांगं घरात थे एकटीच राहीन." तेव्हा मला ते पटलं. पटलं म्हणजे, अर्धंच.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नाही. गेला हंगाम संपल्यावर गावी जाताना मी त्या माउलीच्या घरी गेलो होतो. तिनं काळा चहा दिला. म्हणाली, "तवा वाजवलं असतं तं मी रडली असती, बाबू. मले रडूच नोतं येऊन राहिलं." परत आल्यावर तुम्हाला सांगणार होतो. सांगायचं कधी? तुम्ही छातीत दुखत असून फुंकत राहिले आणि आम्हाला म्हणाले, पित्त झालं. चाचीलाही पित्तच सांगितलं. याचा मला अजून राग आहे, चाचा. दुसऱ्याच्या घरचं दुःख पानठेल्यावर विचारत फिरायचे आणि स्वतःचं कोणाला कळू दिलं नाही. असं कोणी करतं का?

तर आता ऐका. उद्या तुमच्या दारापुढे बँड थांबेल. वाद्यं खाली जातील, बबनभाऊंना हवं तसं. मग मी एकटा ओट्यावर चढेन आणि चाचीला पुन्हा विचारेन. ती नको म्हणाली तर तसाच पुढे जाईन. वाजव म्हणाली तर वाजवीन, एकटाच, ढोल नाही, ताशा नाही. तुम्ही रागावाल. रागवा.

पण टेम्पोत तुम्ही बोलले तेही खोटं नव्हतं. म्हणून वरात कार्यालयात पोहोचवली की जेवायला थांबणार नाही. लाल कोटातच परत येईन आणि तुमच्या ओट्यावर बसेन. चाची पडद्याआड, मी बाहेर. ती बोलेल तोवर, रडेल तोवर, नाहीतर दोघंही गप्प. वाजवून चालला जाणार नाही, हा माझा शब्द.

तुमचाच,
गजू क्लॅरिनेटवाला