नऊ ढालींची हकीगत

ता. ४ जानेवारी

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण शाळेने माझ्या गळ्यात एक लचांड अडकवलं आहे. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. शिपायाला खुर्ची मिळाली की समजावं, काहीतरी अंगावर येणार. ते म्हणाले, की शाळेच्या बास्केटबॉल संघाने आजवर नऊ अजिंक्यपदं मिळवली, ती सगळी डोळ्यांनी पाहिलेले आता तुम्ही एकटेच उरलात, तर स्मरणिकेसाठी हकीगत लिहून द्या. मी म्हणालो, की माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यावर ते म्हणाले, की बाकीचं आम्ही सुधारून घेऊ. त्या सुधारून घेण्याच्या धास्तीने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून आधी तुला लिहून बघतो.

पहिल्या ढालीच्या वर्षी सरावात चेंडू कप्तानाच्या तोंडावर बसला. पुढचे दोन दात हलले, पण त्याने डोळा मिटला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच सामना काढला. दुसऱ्या ढालीला समोरच्याच्या कोपराने आपल्या मुलाच्या नाकाचं हाड मोडलं. त्याने रक्त गिळलं आणि दोन्ही फ्री थ्रो घातले. तिसऱ्याच्या आधी संघ घडवणाऱ्या मोठ्या सरांनी कोपर नेमकं कुठे बसवायचं, ते मुलांना माझ्या बरगडीवर करून दाखवलं. गमतीतच, पण मी आठ दिवस डाव्या कुशीवर झोपू शकलो नाही. चौथी जिंकून परतताना आपल्या बसवर दगड आले, ड्रायव्हरचं डोकं फुटलं. तेव्हा आपल्या मुलांच्या पिशव्यांतून सायकलच्या चेनी निघाल्या. त्या त्यांनी घरूनच आणल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्या बाजूचा एक जण रस्त्यावर बसून दोन्ही हातांनी आपला जबडा धरून होता. पाचव्या ढालीत तुझा भाचाच कप्तान होता, ते तुला माहीत आहे.

आता भिंतीचं. तुला ठाऊक आहे, तरी छापायचं तसं लिहून बघतो. अंतिम सामन्याच्या आधीच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर हॉलचं दार लावतात. बारा मुलांपैकी एकेकाला रिंगखालच्या भिंतीशी उभं करतात, हात मागे बांधतात, आणि बाकीचे अकरा फ्री थ्रोच्या रेघेवरून त्याच्यावर पूर्ण ताकदीने चेंडू मारतात. जो तोंड फिरवत नाही, तो शनिवारी खेळतो. हात मी बांधतो, जुन्या जाळीच्या दोरीने. मोठे सर म्हणायचे, की माझ्या गाठीने मनगटावर वळ उठत नाही, घरी कोणी विचारत नाही. सर गेले, आता संघ तुझा भाचा सांभाळतो, मी निवृत्त झालो, तरी त्या गुरुवारी मला बोलावणं असतंच.

यंदा आपला टोळ, तुझ्या भाच्याचा मुलगा, बारा जणांत आहे. सोळाव्या वर्षी आजोबाच्या डोक्यावर हनुवटी टेकवतो. माझ्या पोटात गोळा येतो. सातव्या ढालीपाशी पेन अडलं आहे. तिथे काय लिहू, ते कळव.

गुडघ्यांचं चाललं आहे. तुझी माया माझ्यावर राहू दे, दुसरं मागणं नाही.

तुझा दादा

---

ता. ११ जानेवारी

ती. दादास धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तुझं अक्षर पूर्वीपेक्षा सुधारलं आहे, अक्कल होती तिथेच आहे.

सातव्या ढालीपाशी काय लिहू म्हणून मला विचारतोस? तर ऐक. शिंप्याच्या मुलाला तू भिंतीपासून उचलून, सायकलच्या दांड्यावर बसवून माझ्या तेव्हाच्या इस्पितळात आणलंस. त्याच्या डाव्या डोळ्याच्या जागी काय होतं, ते मी अजून विसरलेले नाही, आणि मी चौतीस वर्षं नर्स होते, मला विसरायची सवय आहे. तू कानाशी येऊन म्हणालास, की जिन्यावरून पडला असं लिही, नाहीतर सरांची नोकरी जाईल, माझीही जाईल. मी केसपेपरवर लिहिलं, जिन्यावरून पडला. डॉक्टरांनी ते वाचून सही केली. दोन दिवसांनी तुम्ही ढाल घेऊन बँड लावून आमच्या इस्पितळावरून गेलात. त्या मुलाने मला विचारलं, की आपण जिंकलो का. मी हो म्हणाले. हे छापा. सुधारून छापा.

आता टोळाचं. तू म्हणतोस, पोटात गोळा येतो. अरे, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे हात बांधलेस तेव्हा तो गोळा कुठे होता? मला बोलायला तोंड नाही, मीही त्यातलीच. पण दादा, तू बांधू नकोस. एवढं एकच कर. तू नाही म्हणालास तर तुझ्या मुलाला थांबून विचार तरी करावा लागेल. आणि पहिल्या ढालीच्या वर्षी भिंत नव्हतीच, हे त्याला सांग. तूच मला तेव्हा सांगितलं होतंस.

गुडघ्यांना शेक दे, तक्रारी देऊ नकोस. रागावले तरी तुझीच आहे, हे जाणून असावं.

धाकटी

---

ता. २० जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं, सूनबाईच्या हाती लागू नये म्हणून. ते तिलाच सापडलं. तिने वाचलं की नाही, कळत नाही. पण त्या दिवसापासून मला भाजी जास्त वाढते.

तुझ्या भाच्याशी बोललो. त्याला म्हणालो, की पहिली ढाल भिंतीवाचून आली. सरावात चुकून चेंडू लागला, मुलगा डगमगला नाही, एवढंच घडलं. जिंकून आल्यावर सर खुशीत होते, आणि मीच मोठा शहाणा, जाळी सोडवता सोडवता म्हणालो, की सर, तो मार बसला म्हणूनच पोरगा पेटला. पुढच्या वर्षी त्यांनी मला दोरी आणायला सांगितली. शिपायाच्या तोंडून निसटलेलं एक वाक्य, धाकटे, त्याची ही भिंत झाली.

तो हसला. म्हणाला, की बाबा, तुम्हाला सगळ्यातच स्वतःचा हात दिसतो, जाळी तुम्ही विणली म्हणून बास्केट तुम्ही टाकलीत का. मग गंभीर झाला. म्हणाला, की मी पाचव्या ढालीच्या वर्षी तिथे उभा राहिलो, अकरा चेंडू छातीवर घेतले, त्यानंतर मला आयुष्यात कशाची भीती वाटली नाही, आणि माझ्याच मुलाला मी त्यातून वगळलं तर उरलेले अकरा बाप मला काय म्हणतील. मी बांधणार नाही म्हणालो. तर म्हणाला, की नका बांधू, मी बांधतो. त्याची गाठ मी पाहिली आहे. पोत्याची बांधतात तशी. मनगटं काळी पडतील पोरांची.

म्हणून मी एक ठरवलं आहे. बांधणार मीच, पण सैल. दिसायला गाठ, पण हिसका दिला की हात मोकळा. फारच झालं तर पोराला तोंडासमोर हात तरी धरता येईल. कोणाला कळणारही नाही. तुला हे पटणार नाही, पण दगडापेक्षा वीट मऊ. भिंत गुरुवारी, एकोणतीस तारखेला.

माझ्यावर रागाव, पण पत्र थांबवू नकोस.

दादा

---

ता. ३० जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल मी बाबांवर हात उचलला. ते तुला कळवतीलच, म्हणून आधी मीच कळवतो. इस्पितळाच्या व्हरांड्यात, लोकांसमोर, कानशिलात मारली. ते भिंतीला धरून खाली बसले.

तू मला ओळखतेस. मी वाईट माणूस नाही. काल बेकरीवाल्याचा मुलगा भिंतीशी पडला आणि त्याला लागलं. खेळात लागतं. त्याचा बाप मला म्हणाला होता, की सर, पोराला कणीक तिंबावी तसं तिंबा. तोच बाप आज शाळेच्या फाटकाशी लोखंडी सळई घेऊन उभा आहे, आणि मला मागच्या दाराने यावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगत होतो, की सरावात पाय घसरला. तेवढ्यात बाबा मध्ये पडले आणि दोरी, गाठ, रेघ, अकरा मुलं, सगळं बोलून गेले. शेवटचा चेंडू कोणाचा होता, तेही सांगितलं. टोळाचा होता. स्वतःच्या नातवाचं नाव घेतलं त्यांनी, आत्या.

आता पोलीस येऊन गेला. संघ उद्याच्या सामन्यातून काढला. दहावी ढाल न खेळता समोरच्यांच्या घरी गेली.

बाबांचा जबाब उद्यापरवा लिहून घेतील. ते तुझं ऐकतात. त्यांना सांग, की म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ झाला म्हणावं. तू पूर्वी एकदा आमच्या शाळेसाठी शब्द फिरवला होतास, मोठे सर तुझं नाव कायम आदराने घ्यायचे. आता तर घरचंच पोर आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तू पाठीशी आहेस असं धरून चालतो.

तुझा भाचा

---

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

कान अजून वाजतो, पण त्याचं काही नाही. माझा हिशेब त्याच्या आधीचा आहे.

टोळ पहिला उभा राहिला. मी सैल गाठ मारली आणि हळूच सांगितलं, की हिसका दिलास तर सुटेल. त्याने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या तोंडावर थुंकलो. अकरा चेंडू घेतले. सहाव्याला ओठ फाटला, नवव्याला नाकातून रक्त आलं. मी डोळे मिटून आवाज मोजत होतो. चेंडू छातीवर बसला की ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आवाज येतो, तोंडावर बसला की वेगळा येतो. त्याने हात सोडवला नाही. मी सोडवला तेव्हा सगळी पोरं ओरडली, आणि तुझ्या भाच्याने मुलाला मिठी मारली. सदऱ्याला रक्त लागलं, ते त्याने पुसलं नाही.

मग बेकरीवाल्याचा धाकटा. बुटका, गोलमटोल, पण चेंडू हातात आला की मांजरासारखा. त्यालाही मी सैल बांधलं आणि तेच सांगितलं. त्याने मात्र माझं ऐकलं. शेवटचा चेंडू टोळाकडे होता. मला वाटलं होतं, की मार खाल्लेलं पोर हळू मारेल. धाकटे, तो दोन पावलं मागे गेला. रक्ताने माखलेल्या तोंडाने तो हसत होता. त्यात राग नव्हता. राग असता तर मला समजलं असतं. मला इतके दिवस भीती होती, की त्याला लागेल. तो मारील, अशी भीती मला एकदाही वाटली नाही.

बेकरीवाल्याच्या मुलाने ते बघितलं आणि हिसका दिला. एक हात सुटला, दुसऱ्यात दोरी अडकली, आणि त्या ओढीने तो अर्धा वळला. घट्ट बांधला असता तर समोर उभा राहिला असता, चेंडू छातीवर घेतला असता. चेंडू कानावर बसला. डोकं रिंगच्या लोखंडी खांबावर आपटलं. कानातून रक्त आणि पाणी येत होतं, पाय थरथरत होते. टोळ रेघेवर तसाच उभा होता, आणि त्याने विचारलं, की हा खेळणार का शनिवारी.

मुलगा जगला आहे. कवटीला चीर गेली, डावा कान गेला. डॉक्टर म्हणतात, की त्या कानाचं ऐकणं परत येणार नाही.

मी सगळं सांगितलं. धाडस म्हणून नव्हे, मला खोटं आठवेनाच. शिपाई माणूस, विचारलं की उत्तर देतो. पण पोलिसाने जाताना आणखी एक विचारलं, की पूर्वी असं कधी झालं होतं का. तिथे मी गप्प राहिलो. तो उद्या पुन्हा येणार होता, मी बरं नाही असं सांगून शुक्रवारवर ढकललं. शिंप्याच्या मुलाचं सांगितलं तर केसपेपर निघेल. त्यावर तुझं अक्षर आहे. तुझं पेन्शन, तुझी अब्रू. माझं काय, माझी गेलीच. तू नको म्हणालीस तर मी नाही बोलणार. पण मग मी आणखी किती जगायचं आणि तेवढे दिवस हे कुठे ठेवायचं, तेही तूच सांग.

टोळ खोलीतून बाहेर येत नाही. सूनबाई ताट दाराशी ठेवते.

आशीर्वाद द्यायला तरी माझा हात उरला आहे, तो तुझ्या डोक्यावर.

दादा

---

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

हे पत्र इथल्या डॉक्टरांचा पोऱ्या तुझ्या हाती देईल, तो तिकडे औषधं आणायला येतो आहे. टपालावर भरवसा ठेवायला वेळ नाही.

शुक्रवारी सकाळच्या बसने मी येते. पोलीस येईल तेव्हा तू सातव्या ढालीचं तोंडातून काढू नकोस. ते मी सांगणार. लिहिलं मी होतं, खाली सही डॉक्टरांची असली तरी शब्द माझे होते, आणि ते मागे घ्यायचेही मलाच आहेत. तू माझ्यासाठी कितीही गप्प बसलास तरी त्या शिंप्याच्या मुलाचा डोळा माझ्यासाठी परत येणार नाही. तो मला गेल्या वर्षी बाजारात भेटला होता. नमस्कार केला त्याने. मी चार रात्री तो नमस्कार घेऊन बसले होते. पेन्शनचं बघू. दोन वेळचं शिजवायला मला अजून येतं.

तुझ्या मुलाचं पत्र आलं. त्याला सांग, की उत्तर घेऊन आत्या स्वतः येते आहे, आणि बापावर उचललेला हात त्याने तोवर खिशात ठेवावा. मोठे सर माझं नाव आदराने घ्यायचे, हे वाचून मला भडभडून आलं.

सैल गाठीचं तू मला आधीच लिहिलं होतंस. मी लगेच धावून यायला हवं होतं. रागाने उत्तरच दिलं नाही. म्हणजे त्या दोरीचं एक टोक माझ्याही हातात आलं. तू एकट्याने तिचा गळफास करून घेऊ नकोस.

आता टोळ. त्याला खोलीत ठेवू नका आणि त्याचे लाडही करू नका. मी पोचायच्या आत त्याला हाताला धरून इस्पितळात घेऊन जा. बेकरीवाला अंगावर येईल, येऊ दे. दोन तडाखे बसतील ते तू खा, तुला आता सवय आहे. पण पोराला आत ने आणि खाटेशी बसव. नुसतं बघून येईल तर उपयोग नाही, त्याला तोंड उघडावं लागेल. त्या मुलाचा डावा कान गेला आहे, हे विसरू नकोस. टोळाला उजव्या बाजूला बसव. तो जे काही बोलेल, ते त्या मुलाला ऐकू गेलं पाहिजे.

बाकी समक्ष. आपल्या दोघांत आहे ते असंच राहावं.

तुझी धाकटी