जब्बार सरांच्या शोकसभेत कोण कसं पडलं

धायरी, पुणे

चि. (की साहेब म्हणू?) अभय यास,

ताईचा सप्रेम जयभीम. आम्ही सर्व खुशाल. तुझी खुशाली मोबाइलच्या स्टेटसवर रोज दिसते, म्हणून विचारत नाही. तनयाची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, वाकून भांडी घासू नको, तुला घासू दे. हे पत्र शोकसभेच्या उरलेल्या पत्रिकांच्या पाठीवर लिहिते आहे. दोनशे छापल्या, माणसं साठ आली, आणि कोरी बाजू माझ्याने टाकवत नाही. उलटून पाहिलीस तर सरांच्या नावापेक्षा प्रमुख पाहुण्यांचं नाव मोठं दिसेल.

सरांना जाऊन दीड महिना झाला. पहाटे मार्केट यार्डात कांद्याचा टेम्पो आणि संध्याकाळी समाजमंदिरात ज्यूदो, असं सव्वीस वर्षं चालवलं त्यांनी. सुट्टी दोनदाच, एकदा मुलीच्या लग्नाला, एकदा अपघातात (टेम्पो मोडला, सर नाही). तुला घातलं तेव्हा तीन महिने नुसतं पडायला शिकवलं. आई म्हणाली होती, "पडायचंच तर घरी काय जागा कमी आहे?" पण त्या पडण्यावर तुला ब्लॅक बेल्ट मिळाला, राज्याचं पदक मिळालं, पदकावर नोकरी मिळाली आणि नोकरीवर सातारा. आमची पूर्वा गेल्या वर्षी स्कूटरवरून उडाली. गाडीचं कंबरडं मोडलं, ही ओढणी झटकत चालत घरी आली. मी बुद्धवंदना करून एक मेणबत्ती सरांच्या नावानेही लावली, तर सर म्हणाले, "मेणबत्ती कशाला ताई? पोरीला आठवड्यातून चार दिवस पाठवा."

आता सभेचं ऐक. समाजमंदिर समितीचे सचिव आनंदराव (वर्गाच्या दारात आयुष्यात उभे राहिले नाहीत, म्हणूनच संयोजक) यांनी स्टेजचं भाडं वाचवायला सरांच्या मॅट एकावर एक रचल्या आणि वर लाल जाजम अंथरलं. माझी काटकसर तुला माहीत आहे, पण ही बघून मीसुद्धा गार पडले. ज्या मॅटला नमस्कार केल्याशिवाय सर पोरींना पाय ठेवू देत नसत, तिच्यावर सहा मान्यवर बूट घालून चढले. सरांच्या पत्नी नसीमबानू शेवटच्या रांगेत. आनंदराव त्यांना विचारतात, "आपण कुणाकडून?" मी हात धरून त्यांना पुढे नेलं. त्या कानात म्हणाल्या, "राहू द्या ताई. हे असते तर आधी यांचे बूट उतरवले असते, मग माज."

प्रमुख पाहुण्यांनी सरांना तीनदा 'कराटेमहर्षी' म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला हात उंचावला आणि मऊ मॅटमध्ये बूट रुतून ते मागे गेले. त्याच क्षणी मागे बसलेल्या वर्गातल्या तीस पोरी एका आवाजात ओरडल्या, "हनुवटी आत! हात आपटा!" सर रोज हेच ओरडायचे, पोरींचा काय दोष? पाहुण्यांनी नेमकं उलटं केलं. हनुवटी वर, आणि हात मागे टेकवला. मनगट गेलं. मला हसू आलं (पाप लागो), पण नसीमबानूंना आधी आलं.

दुसऱ्याच दिवशी ठराव झाला. पोरींनी पाहुण्यांची टर उडवली, सबब वर्ग बंद. सभागृहाला सरांचं नाव द्यायचं, आणि सभागृह लग्नांना. मी जाब विचारायला गेले, तर आनंदराव म्हणतात, "अहो ताई, आम्ही काय सरांचे वैरी आहोत? ब्लॅक बेल्टवाला शिक्षक आणा, वर्ग चालू. पौर्णिमेपर्यंत थांबतो." त्यांना पक्कं ठाऊक आहे, सरांच्या हाताखाली ब्लॅक बेल्ट एकच झाला, आणि तो साताऱ्यात स्टेटसला मेणबत्ती ठेवून मोकळा झाला. पूर्वाच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला अजून वर्ष आहे. तोवर पोरी पार्किंगमध्ये सिमेंटवर पडतात. चौघींची कोपरं सोलली आहेत. दोघींच्या आयांनी त्यांना काढूनही घेतलं.

तुझ्याकडे काही मागावं म्हणून हे लिहिलेलं नाही. तनयाला जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुझी ताई,
आम्रपाली

ता. क. मागायचं आहे. पूर्वाचा बेल्ट होईपर्यंत शनिवार-रविवार ये. एसटीला अडीच तास लागतात. तू गेलास तेव्हाही तेवढेच लागत होते.

दुसरा ता. क. तुझं संमतिपत्र मी समितीला देऊन आले. सही मीच केली. खोटं न बोलण्याचं शील मोडलं म्हणून विहारात जाऊन पुन्हा पंचशील घेतलं. पत्र मात्र परत घेतलेलं नाही.

शेवटचा ता. क. आलास की आधी नसीमबानूंकडे जा. सर गेले त्या दिवशी तू आला नाहीस. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आला होता, गर्दीत मागे उभा होता. त्या म्हणाल्या, "हो ना, मी पाहिलं त्याला. फार रडत होता."