‘चौखूर’ची समीक्षा

पुणे, १८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू संस्कृतचा मास्तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातला समास सोडवायला लागतोस, म्हणून पत्र. ‘चौखूर’चे चार भाग पाहिलेस ना? मुलांच्या घोडेस्वारीवर मालिका लिहायला घेतली तेव्हा मला घोड्याची पुढची बाजू कोणती, एवढंच ठाऊक होतं. शेवटचा भाग अजून लिहायचा आहे. आमच्या दिग्दर्शकीणबाईंना तो रडका नको आणि गुळमटही नको. तेव्हा गुणदोष कळव. गुण आधी लिही. सवय नसली तरी दया म्हणून.

आता खुर्चीत बसून वाच. शेवटच्या भागाचं चित्रण तुमच्या लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याला आहे आणि त्यात मावळातलीच एक मुलगी घोड्यावर बसणार आहे. बारा जानेवारीच्या रविवारी निवड आहे. मी समीक्षाचं नाव दिलंय. तुझी लेक वर्षभर घोड्यावर बसू दे म्हणतेय आणि तू वर्षभर ‘बघू’ म्हणतोयस, ही चुगली वहिनीची. ती राजी आहे. अडलंय ते तुझ्या ‘हो’पाशी.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी रेणू


लोणावळा, २६ डिसेंबर २०२४

चि. रेणुकास,
अ. उ. आ.

मुलीचं नाव समीक्षा ठेवलं त्याची फळं भोगतो आहे. खालच्या अभिप्रायातला निम्मा तिचा आहे. सौम्य तो माझा.

गुण खरेच आहेत. तुझी नायिका गौरा घोड्यावर बसण्याआधी त्याला खरारा करते, त्याचे खूर साफ करते. एरवी पडद्यावरची घोडी आपोआपच स्वच्छ होतात. मुलं मुलांसारखी बोलतात, पाठांतराला उभी केल्यासारखी नाही. तिसऱ्या भागात गौरा आणि तिची मैत्रीण लगामावरून भांडल्या, तेव्हा आमच्या सोफ्याच्या हातावर मांड ठोकून बसलेली समीक्षा श्वास घ्यायची विसरली. याहून मोठं पारितोषिक तुला कोणी देणार नाही.

आता दोष. तुझं घोडं दर वाक्याला खिंकाळतं. कुरवंड्याच्या भिमाजीचं घोडं पर्यटकांना पाठीवर घेऊन दिवसभर फिरतं, एक शब्द बोलत नाही, ऋषितुल्य आहे. चौथा भाग खोगीरभरती आहे. समोर खरं खोगीर असताना हा शब्द वापरायची संधी आयुष्यात प्रथमच मिळाली, आभारी आहे. तो घोड्याच्या कानात सांगायचा ‘गुपितशब्द’ तर आवर. माझ्या वर्गातल्या एकाने तो शेजाऱ्यांच्या शेळीवर वापरून पाहिला आणि शर्टाची कॉलर गमावली. पण मुख्य दोष असा, की तुझ्या मालिकेत कोणी घाबरत नाही आणि कोणी पडतही नाही. मग बसण्याला किंमत ती काय?

बारा तारखेला पोरीला घेऊन जातो. ‘हो’ मात्र पाठवत नाही. तुझ्या गौराला भीती वाटत नसेल, तिच्या वाटणीची मला वाटते.

माया आहेच, गृहीत धरावी.
तुझा दादा, सुहास


पुणे, २ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. ऋषितुल्य घोड्याला त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. मग ‘कोणी घाबरत नाही’ हे दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, की भावाला सांगा, दोष कबूल, उपाय सुचवा. गुपितशब्द मात्र राहणार, रागावू नकोस. रविवारी प्रत्येक मुलीने आपापला शब्द ठरवून यायचं आहे. मी संकलनात अडकले आहे, येता येणार नाही. इथे जीव टांगणीला लागेल, तेव्हा काय झालं ते सविस्तर लिही. आणि दादा, ती बसली की डोळे मिटू नकोस.

आशीर्वाद चालू ठेव.
रेणू


लोणावळा, १३ जानेवारी २०२५

चि. रेणुकास,
अ. उ. आ.

तुझ्या भाचीने मैदान मारलं. म्हणजे मैदानाला पुरा फेरा मारला, आणि तो कोणी सांगितलेला नव्हता.

निवडीला भिमाजीचंच घोडं होतं. नाव तुफान, चाल सरकारी फाइलीची. समीक्षा वर बसली, भिमाजीने दोर सैल केला आणि बाई म्हणाल्या, की आता तुझा शब्द सांग आणि त्याला जागेवर उभं ठेव. कन्येने घराण्याला जागून संस्कृत निवडलं होतं. त्याच्या कानाशी वाकून स्वच्छ उच्चारात म्हणाली, मा चल. म्हणजे, हलू नकोस. आता ‘मा’ हे निषेधाचं अव्यय तुफानला कोणी शिकवलेलं नाही. ‘चल’ मात्र त्याच्या रोजच्या पोटापाण्याचा शब्द. तो निघाला, दोर भिमाजीच्या हातून निसटला. ही घाबरून आणखी मोठ्याने मा चल म्हणे, तो आणखी आज्ञाधारकपणे पळे. मी व्याकरणशुद्ध ‘मा चालीः’ शिकवलं असतं, तर घोडं निदान विचारात पडलं असतं.

मी मागे धावलो. डोळे मिटले नाहीत, रेणू, मिटता येईनात. तिचा एक पाय रिकिबीतून सुटला, ती कलली, आणि माझ्या डोक्यातले सगळे ‘बघू’ एकदम बंद पडले. मग तिने आयाळ धरली, सरळ झाली, लगाम खेचला आणि अस्सल मराठीत ओरडली, की थांब ना रे गाढवा. घोडं थांबलं. अपमान सर्व भाषांत कळतो.

भिमाजी म्हणाला, की मास्तर, पोरगी भ्याली त्याच्या दुप्पट तुमी भ्याला, हितं बसा, पानी प्या. बाईंनी तिला विचारलं, भीती वाटली का? ती म्हणाली, खूप वाटली, आता परत बसू का? बाईंनी तिथेच ठरवलं, की शेवटच्या भागात हेच घडणार आणि हीच बसणार. म्हणजे तुझा दोष फिटला, माझ्या खर्चाने.

राहिलं माझं ‘हो’. ती पुन्हा चढायला निघाली तेव्हा अडवायला मी तोंड उघडलं. ‘मा’ एवढंच निघालं, पुढचं क्रियापद येईना. अपुरा निषेध म्हणजे परवानगी, असं कुठल्या सूत्रात नाही. आजपासून मी धरतो. चित्रणाची तारीख कळव.

आहेस तशीच राहा, खोगीरभरती तेवढी कमी कर.
तुझा दादा, सुहास

ता. क. आत्या, मी समीक्षा. बाबा गोंद शोधतायत तेवढ्यात लिहिते. त्यांनी आज बाजारातून हेल्मेट आणलं. दोन आणलीत. एक माझ्या मापाचं, दुसरं माझ्या नाकापर्यंत येतं. ते कोणाचं विचारलं तर म्हणाले, मुलांनी फार प्रश्न विचारू नयेत. आई मघापासून हसतेय. उद्या सकाळी भिमाजीकाकांना घोडं घेऊन बोलावलंय. म्हणे, अगदी शांत बघून आणा.