कोळशाचं इंजिन

पुणे, ३ नोव्हेंबर

ती. भारतीताईस,
केदारचा नमस्कार, वि. वि.

फोन केला तर भांडण होईल, म्हणून पत्र. रोज संध्याकाळी तुझ्या नंबरवरून माझ्या मोबाइलवर कोळशाच्या इंजिनाचं चित्र येतं. परवा तर तीन आली. अर्थ कळतो मला, गाडीत बस आणि ये. आईचं सगळं तू एकटी करतेस आणि मी वर्षभरात एकदा आलो. हात जोडलेलं चित्र पाठवून पाहिलं, आता नुसता अंगठा पाठवतो. ऑफिस, वरुणची बारावी. मीही थकलोय गं. टोमणा मारायचाच तर शब्दांत मार, इंजिन नको. आईची वाचा कशी आहे?

राग धरू नकोस, इतकंच मागणं.
केदार

काचीगुडा, ८ नोव्हेंबर

चि. केदारास,
ताईचे आशीर्वाद, वि. वि.

इंजिन मी पाठवत नाही बाबा. शाळा आणि आई यांतून फोन बघायला फुरसत कुणाला?

अर्धांगाचा झटका आल्यापासून आईचे शब्द हरवलेत. पाणी हवं असतं, तोंडातून चादर येतं, मग स्वतःच परेशान होते. वाचा सुधारायला येणाऱ्या त्रिवेणीबाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते, ते तिने फेकून दिले. माझा फोन मात्र धरला. भूक लागली की त्यातल्या चित्रांतून भाताची वाटी दाखवते. शेजारच्या कुसुमताई आल्या की पोपट. पहिल्यांदा पोपट दाखवला त्या दिवशी किती महिन्यांनी हसले मी. त्रिवेणीबाई म्हणाल्या, ही चित्रं जपानात निघाली तेव्हा निरोप आटोपशीर व्हावेत एवढाच हेतू असेल. काचीगुड्याच्या तुमच्या आई, मालनबाई, त्यांतूनच बोलतील, हे कुणाच्या ध्यानीमनी नसणार.

मी स्वयंपाकाला लागले की ती फोनमध्ये तुझा फोटो शोधून इंजिन पाठवते. चित्रांत नव्या गाड्याही आहेत रे, पण ती कोळशाचंच इंजिन निवडते. बाबांनी जन्मभर तेच चालवलं. तुला कसं सुचलं नाही?

तुझं पत्र आल्यावर मी तिच्याशेजारी बसून पाहिलं. तुझा अंगठा आला, तो तिने मला दाखवला आणि पलंगाकडे बोट केलं. रोज रात्री ती मला तुझी गादी का घालायला लावते, ते आत्ता उमगलं. अंगठा म्हणजे तू येतोयस, असं ती धरून चालते. मी समजत होते, भ्रम झालाय. सकाळी गुंडाळतानाही तिच्याकडे न बघता गुंडाळायचे.

मी टोमणा मारत नाहीये. तेवढी ताकदच उरलेली नाही.

माया आहे तशीच आहे.
ताई

पुणे, १३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवड्यांची रजा टाकली. शनिवारी सकाळी सिकंदराबादला उतरतो. न्यायला कुणी येऊ नका, तू झोपून राहा. आईची उठबस मला शिकव आणि चार दिवस कुठेतरी जाऊन ये.

काल संध्याकाळी इंजिन आलं. अंगठा पाठवायला हात धजेना. मीही एक इंजिन पाठवलं. मग भाताची वाटी आली.

ती वाटी तू पाठवली नसशील तर आईला सांग, येताना गाडीत काही खाणार नाही, घरी येऊनच जेवेन.

तुम्हा दोघींचा,
केदार